वाकळीवर लढाईचं चित्र का नाही?

लढाईत होरपळलेल्या माणसांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली कला म्हटली की जगात काही उदाहरणं हमखास दिली जातात. ब्रिटिश म्युझियममध्ये मोझांबिकच्या केस्टर नावाच्या कलावंताने २००१ साली केलेली एक खुर्ची आहे. तिचे पाय, पाठ आणि हात निकामी केलेल्या बंदुकांचे आहेत. सोळा वर्षांची यादवी १९९२ मध्ये संपल्यावर तिथल्या चर्चच्या संघटनेने लोकांकडची शस्त्रं गोळा केली आणि बदल्यात शिलाई मशीन, सायकली, कुदळी दिल्या. ही खुर्ची त्याच शस्त्रांची आहे. लाओसमधल्या बान नापिया गावात अमेरिकी विमानांनी टाकलेल्या बॉम्बमधलं ॲल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसं बेपत्ता झाली त्या बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून चित्रं केली. त्यांत पोलिसांच्या गाड्या आहेत, बंद कारखाने आहेत, मोकळी राहिलेली खुर्ची आहे. काहींनी हरवलेल्या माणसाच्या सदऱ्याचाच तुकडा चित्रातल्या माणसाच्या अंगावर घातला. या सगळ्या वस्तूंकडे पाहिलं की लढाई झाल्याचं चटकन कळतं. आपल्याकडच्या धाराशिव जिल्ह्यातली वाकळ, म्हणजे गोधडी, मात्र कोणी या रांगेत बसवत नाही, कारण तिच्यावर चौकोन, पट्टे आणि टाके यांपलीकडे काही दिसत नाही. माझं म्हणणं असं की ती या रांगेत बसते. मात्र ते ठरवताना तिच्यावर काय चितारलंय हे न बघता ती कशाकशाची शिवलीय आणि कोणासाठी शिवलीय हे बघायला हवं.

धाराशिवला लढाईग्रस्त म्हणणं पुण्या-मुंबईच्या वाचकाला अतिशयोक्ती वाटेल. आपल्या शालेय इतिहासात हैदराबादचा मुक्तिसंग्राम एखाद्या पानात आटोपतो. पण देश स्वतंत्र झाल्यानंतरचे तेरा महिने धाराशिवमध्ये, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, शांततेचे नव्हते. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होतं. ते वेगळं झालं १९८२ साली. जिल्ह्याची पश्चिम सरहद्द सोलापूर जिल्ह्याला, म्हणजे हिंदी संघराज्याला लागून. त्यामुळे मुक्तिसैनिकांचे कॅम्प हद्दीपलीकडे आणि लूट, जाळपोळ, सूड हद्दीच्या अलीकडे अशी स्थिती झाली. असंख्य कुटुंबं रातोरात घर सोडून बार्शी-सोलापूरकडे गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरहून आत शिरली ती नळदुर्गावरूनच; बोरी नदीचा पूल पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला गेला आणि तुळजापुरातही चकमक झाली. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. पाठ्यपुस्तकातला धडा इथेच थांबतो. गावांतलं मात्र थांबलं नाही. त्यानंतर जे झालं त्याची पाहणी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावं दिली, आणि या चार जिल्ह्यांत मारले गेलेल्यांचा आकडा १८ हजारांहून कमी नसावा असं लिहिलं. हे मेलेले लोक बहुतांशी मुसलमान होते. तो अहवाल सरकारने कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही. आधी रझाकारांनी हिंदू घरं जाळली, मग सूडात मुसलमान घरं उजाड झाली. ज्या पट्ट्यात एका वर्षात दोन्ही झालं त्याला लढाईग्रस्त म्हणायला आणखी काय लागतं?

आता कापडाकडे वळू. टाकाऊ वस्तूंची कला घडते ती घरात काय उरतं आणि काय मिळत नाही यावर. निजामाच्या राज्याची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ ची. धाराशिव, तुळजापूर, उमरगा या भागाला जवळची पेठ ती. पण तिथून घेतलेल्या लुगड्या-धोतरावर नाक्यावर जकात पडायची. मुक्तिलढ्यात ठिकठिकाणी करोडगिरीची नाकी जाळली गेली, त्यामागे राष्ट्रभावना होतीच, पण रोजच्या खरेदीतली ही कटकटही होती. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून देशभर कापडावर नियंत्रण आलं. ते दिवस संपतात न संपतात तोच हद्दीवर तणाव वाढला. भारताने आपली आर्थिक नाकेबंदी केली आहे अशी तक्रार निजामाचं सरकार १९४८ मध्ये करत होतं. काळ्या जमिनीत गावरान कापूस पिकवणाऱ्या मुलखात नेसायच्या कापडाची टंचाई असावी, हा त्या राज्यकारभाराचा एक मासला. या सगळ्याचा अर्थ एवढाच की अंगावरचं लुगडं फाटलं म्हणून नवं घेणं ही अगदी शेवटची गोष्ट असायची.

त्याआधी त्या लुगड्याला बरेच जन्म घ्यावे लागत. नऊवारी लुगडं बसण्या-उठण्याने मधोमध विरतं, पदर आणि काठ शाबूत राहतात. मग विरलेला भाग कापून टाकायचा आणि चांगली टोकं जोडून दांड घालायची. दांड घातलेलं लुगडं घरात, शेतात नेसायला. तेही गेलं की त्यातून पोरीचा परकर, तान्ह्याचं झबलं, कुंची, दुपटं. त्याच्याही पलीकडे गेलं की वाकळीत. वाकळ शिवायची ती उन्हाळ्यात, सुगी उरकल्यावर, पाऊस यायच्या आत. धुऊन वाळवलेलं त्यातल्या त्यात धड लुगडं सारवलेल्या जमिनीवर ताणून अंथरायचं, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर आतला भराव म्हणून धोतराचे तुकडे, मुंडाश्याची पट्टी, सदऱ्याची पाठ, फाटलेल्या जुन्या वाकळीचा शिल्लक तुकडा, सगळं एकसारख्या जाडीत पसरायचं. कुठे उंचवटा राहिला तर तो झोपणाऱ्याच्या पाठीला कळतो, म्हणून पसरणाऱ्या बाईचा हात सारखा वरून फिरत असतो. वर पुन्हा एक धड थर. मग जाड सुई आणि धावदोरा: कडेने सुरुवात करून बोट-बोटभर अंतरावर ओळी घालत मध्याकडे सरकायचं. दोन-तीन बायका बसल्या तर प्रत्येकीची ओळ वेगळी ओळखू येते. कोणाचा टाका तांदळाएवढा बारीक, कोणाचा लांब आणि घाईचा. ज्या घरांत हात मोकळे नसत तिथे गावोगाव फिरून वाकळी शिवून देणाऱ्या बाया येत, पायली-दोन पायली धान्यावर. ही वाकळ झिजली की तिचा आतला भराव पुढच्या वाकळीत जाई, आणि जे अगदीच उरलं त्याची डोक्यावरची चुंबळ, सारवायचं पोतेरं. तुळजापुरात देवीसमोर पाजळतात तो पोतही तेलात भिजवलेल्या कापडाच्या पिळाचाच असतो. लक्ष्मीआईच्या नावाने फिरणाऱ्या पोतराजाच्या कमरेला रंगीत खणांच्या तुकड्यांचा घागरा असतो. चिंधी या मुलखात देवापर्यंत पोहोचलेली आहे, हे जाता जाता.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो वजनदार आहे. वाकळ किंवा गोधडी तर सगळ्या महाराष्ट्रात शिवतात. जिथे रझाकार आले नाहीत त्या साताऱ्यात शिवतात, जिथे गोळी झाडली गेली नाही त्या गावातही. बंगालात जुन्या साड्यांचा कांथा आहे, उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी आहे. मग धाराशिवच्या वाकळीला लढाईशी जोडणं म्हणजे ओढून ताणून आणलेलं नातं नाही का? वाकळ लढाईतून जन्मली असं म्हटलं तर आक्षेप मान्य करावाच लागेल. मी तसं म्हणत नाही. चिलीच्या बायकांनीही शिवणकामाची रीत शून्यातून काढली नव्हती. इस्ला नेग्रा गावच्या बायका आधीपासून भरतकाम करत होत्या, आणि तिथलीच कलावंत व्हायोलेता पार्रा हिने गोणपाटावर भरलेली चित्रं उठावाच्या नऊ वर्षं आधी पॅरिसमध्ये मांडली होती. आपत्तीत माणसं नवी कला शोधायला बसत नाहीत. हाताला सवयीचं जे आहे त्यालाच धरून राहतात, आणि त्या सवयीच्या गोष्टीवर तेव्हा वेगळंच ओझं पडतं. साताऱ्याची वाकळ काटकसरीची होती. ज्या घराने गाठोडं बांधून हद्द ओलांडली आणि चार महिन्यांनी परत येऊन जळकी भिंत पाहिली, त्या घराची वाकळ हीच काय ती मागच्या संसारातली उरलेली मत्ता असू शकत होती. शिवण्याची रीत दोन्हीकडे तीच राहिली, तिच्यावर आलेला भार निराळा होता.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ही गरिबी आहे, तिला कला कशाला म्हणता? थंडीत पांघरायला काही नव्हतं म्हणून बायकांनी फाटकं शिवलं; त्यात सौंदर्य शोधणं हा भरल्या पोटाचा चोचला आहे. हा आक्षेप घेणाऱ्याचा राग मला समजतो, आणि गरिबीचं कौतुक करणारं लिखाण आपल्याकडे पुष्कळ झालं आहे हेही खरं. पण एखादी जुनी वाकळ नीट पाहिली तर गरजेने न सुटणारे प्रश्न तिच्यात सापडतात. ऊब हवी असेल तर कोणताही तुकडा कुठेही चालतो. मग इरकली लुगड्याचा लाल काठ उसवून, चारी बाजूंनी चौकटीसारखा का लावला जातो? हिरवा खण दोन ठिकाणी असेल तर ते तुकडे समोरासमोर का येतात? चांगला तुकडा वरच्या थरात आणि विटका आत, हे एक वेळ हिशोबात बसेल. पण पांढऱ्या धोतरावर मुद्दाम तांबडा दोरा घालण्यात बचत कसली? हे निर्णय आहेत. ते त्या बाईने डोळ्यांना काय बरं दिसतं यावर घेतलेले आहेत, आणि घरात ठरवायला तिच्या वाट्याला ज्या थोड्या गोष्टी होत्या त्यांतली ही एक होती. तिच्याकडे पर्याय कमी होते म्हणून तिच्या निवडीची किंमत कमी करणं, हाही एक प्रकारचा उद्दामपणाच.

आता मूळ प्रश्न. एवढं सगळं झालं तर वाकळीवर जळकं गाव का नाही, घोडेस्वार रझाकार का नाही, फौजेचे ट्रक का नाहीत? कांथ्यावर तर माणसं, हत्ती, रथ असतात. सोपं उत्तर असं दिलं जाईल की इथल्या शिवणकामात आकृत्यांची परंपरा नव्हती. ते बरोबर आहे, पण पुरेसं नाही. माझ्या मते चित्र तिथे निघतं जिथे ते बघणारा बाहेरचा कोणी असतो. चिलीतल्या त्या कापडी चित्रांना १९७४ पासून चर्चने आधार दिला, ती देशाबाहेर पोहोचवली, परदेशात लोकांनी ती विकत घेतली. ती मुळातच परक्याला सांगण्यासाठी शिवली गेली होती, आणि त्या विक्रीवर घरची चूल चालत होती. बंदुकांच्या खुर्चीचंही तसंच, तिला सुरुवातीपासून प्रेक्षक होता. १९४८ च्या उस्मानाबादच्या बाईला प्रेक्षक कोण होता? पंतप्रधानांनी पाठवलेल्या माणसांचा अहवाल जिथे कपाटात गेला तिथे तिची चिंधी कोण बघणार? आणि ज्या शेजाऱ्याने घर लुटलं किंवा ज्याचं लुटलं गेलं, तो त्याच गावात, त्याच विहिरीवर दिसणार होता. अशा गावात घडलेलं चितारून पांघरुणावर मांडणं म्हणजे भांडण अंथरून त्यावर झोपणं. बोललं जायचं ते ‘रझाकारात’ आणि ‘ॲक्शनमध्ये’ (म्हणजे फौज आली तेव्हा) या दोन शब्दांत, आणि तेवढ्यावर गाव पुढे गेलं. वाकळ मराठ्याच्या घरात शिवली जात होती, दलिताच्या घरात, मुसलमानाच्या घरात आणि लमाण तांड्यावरही. चौघांच्या वाकळीत टाका एकच होता. चौघांचा इतिहास एक नव्हता, आणि कोणीच तो कापडावर उघड केला नाही.

वाकळ अंगाला लागायची वस्तू आहे. ती पोराच्या पाठीखाली, बाळंतिणीच्या अंगावर, म्हाताऱ्याच्या पायांवर असते. गेलेल्या आजीचं लुगडं वाकळीत घालण्याची रीत अजून आहे. नातवंडं तिच्यात झोपतात आणि घरातल्याला ठाऊक असतं की हा जांभळा तुकडा कोणाचा. परक्याला त्यातलं काहीच कळत नाही. हा हिशोब सांगणारं माणूस गेलं की वाकळ मुकी होते. सुती कापड वापरून वापरून झिजतंच, आणि तिचे अवशेष पुढच्या वाकळीत मिसळतात. म्हणूनच तेव्हाच्या वाकळी आज दाखवायला सापडणं फार अवघड आहे. पुरावा दाखवा म्हणणाऱ्याला मी पूर्ण समाधान देऊ शकत नाही, हे कबूल. पण ज्या कलेची रीतच वस्तू संपवून पुढे नेण्याची आहे तिच्याकडून जपलेल्या नमुन्याचा पुरावा मागणं कितपत योग्य, याचाही विचार व्हायला हवा.

जिल्ह्यावर दुसरा घाला आला तो भूकंपाचा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास. गणपती विसर्जनाची रात्र, लोक नुकते झोपलेले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा भार असलेली माळवदं खाली आली. किल्लारी लातूर जिल्ह्यातली म्हणून तिचं नाव झालं, पण सास्तूर, होळी, राजेगाव ही गावं धाराशिवची. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि ५२ गावं उचलून नव्या जागी वसवली गेली. हे युद्ध नव्हतं, आणि या दोहोंना एका मापाने मोजण्यात अर्थ नाही. भूकंपात शत्रू नसतो, म्हणून दुःख उघड बोलता येतं. पण वाकळीच्या बाबतीत दोन्हींत एक गोष्ट समान आहे. घर गेल्यावर कपड्यांना माणसाचं वजन येतं. फरक असा की १९९३ पर्यंत कापड बदललेलं होतं. सुती लुगड्याची जागा नायलॉन-पॉलिएस्टरच्या पाचवारीने घेतली होती. ती विरत नाही, घाम टिपत नाही, सुईखालून सटकते. बायकांनी तिच्याही वाकळी शिवल्या, आजही शिवतात; भडक रंगाच्या, हलक्या, धुवायला सोप्या. जुन्या नजरेला त्या डोळ्यांत खुपतात. मला वाटतं त्यांना नावं ठेवू नयेत, कारण उरलेल्या कापडाची वाकळ होते हा नियम त्या तंतोतंत पाळतात.

नाव ठेवायचंच तर दुसऱ्या एका गोष्टीला ठेवता येईल. शहरातल्या दुकानांत ‘पारंपरिक गोधडी’ म्हणून जी विकली जाते ती बहुधा थानातून कापलेल्या नव्या कापडाची असते. तुकडे ठरवून जुळवलेले, टाके मोजून मापून. ती वाईट वस्तू नाही. ती शिवणाऱ्या बाईला रोख मजुरी मिळते, आणि २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेलेल्या, पाऊस हुलकावणी देणाऱ्या जिल्ह्यात ती मजुरी कोणत्याही वारशापेक्षा मोलाची आहे. परंपरा बाटली म्हणून गळा काढणाऱ्यांनी आधी त्या बाईच्या मजुरीचा दर विचारावा. पण तिच्यावर ‘टाकाऊतून टिकाऊ’ अशी चिठ्ठी लावू नये. त्या चिठ्ठीने एका खऱ्या इतिहासाची जागा जाहिरातीला मिळते. उलट ज्यात तो इतिहास आहे ती जुनी वाकळ बोहारणीकडे जाते, एका स्टीलच्या डब्याच्या बदल्यात.

धाराशिव जिल्ह्यातच तेर आहे, प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवर्णनात तगरहून भडोचला कापड जात असल्याची नोंद आहे. तिथल्या कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात मातीच्या मूर्ती, शंखाचे, हस्तिदंताचे नमुने जपून ठेवलेले आहेत, ते योग्यच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कापडाचा उल्लेख अभिमानाने सांगणाऱ्या या जिल्ह्याने गेल्या पाऊणशे वर्षांतल्या कापडाची नोंद करायला हरकत नसावी. त्यासाठी मोठं दालन लागत नाही. वाकळ घ्यावी, तिच्यातला एकेक तुकडा कोणाचा, कोणत्या सालचा, कुठून आणलेला हे शिवणारीला किंवा तिच्या सुनेला विचारून लिहावं, आणि फोटो काढून ठेवावा. रझाकाराचा काळ पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. भूकंपात तरण्या असलेल्या बायका साठीकडे झुकल्या आहेत. संग्रहालयांनी, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम या दोन-चार उन्हाळ्यांत हाती घ्यावं. आणि वाचकांच्या घरात माळ्यावर जुनी वाकळ असेल तर ती बोहारणीला देण्याआधी घरातल्या थोरल्या बाईला शेजारी बसवून एवढी माहिती कागदावर उतरवून घ्यावी.